वालचंद हिराचंद : विमानाचा कारखाना दीड वर्षात हातचा गेला, पण पत्र्याचं काम शिकलेले हात देशाला देऊन गेला

सांगलीत विश्रामबागला उतरून कुणालाही वालचंद कॉलेज विचारा, पत्ता लगेच सापडतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या इंजिनिअरांच्या किती तरी पिढ्या या कॉलेजातून बाहेर पडल्या. पण ज्यांच्या नावाने हे कॉलेज आहे ते वालचंद हिराचंद कोण, असं विचारलं की उत्तरं थोडी अडखळतात. साखर कारखानावाले, कुणी म्हणतं. जहाजवाले, कुणी म्हणतं. प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची कंपनी काढणारे, असंही कुणी सांगतं.

तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. पण भारतात विमान बनवायचा पहिला मोठा कारखाना काढणारा माणूसही हाच. आणि या कारखान्याने देशाला सगळ्यात आधी जे शिकवलं, ते होतं पत्र्याचं काम.

पत्र्याचं काम म्हटलं की डोळ्यांसमोर शेड येते, ट्रंक येते, नाहीतर धान्याची कणगी. पण विमानाचा पत्रा ही वेगळीच गोष्ट आहे. ती समजून घ्यायची तर आधी माणूस समजून घेऊ.

सोलापूरचा सावकाराचा मुलगा, रेल्वेचा ठेकेदार

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं मूळचं गुजरातचं, जैन, पण सोलापुरात पक्कं रुजलेलं. घरी सावकारी आणि कापसाचा व्यापार. मॅट्रिक सोलापुरातच झाली, पुढे कॉलेजला गेले, पण शिक्षण अर्धवट सोडून घरच्या धंद्यात आले.

घरच्या धंद्यात त्यांचं मन रमेना. दुकानात बसून व्याज मोजण्यापेक्षा काहीतरी उभं करावं, ही त्यांची जात. लक्ष्मणराव फाटक नावाचे रेल्वेत कारकुनी केलेले गृहस्थ त्यांना भेटले. फाटकांकडे कामाची माहिती आणि वालचंदांकडे भांडवल उभं करायची ताकद. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरुवात झाली. फाटक-वालचंद ही जोडी पुढे बोरघाटातल्या बोगद्यांपर्यंत पोहोचली.

१९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी आली. साताऱ्याच्या लोकांनी ही कंपनी नक्की ऐकली असेल, कारण वालचंदांच्या पश्चात पाटण तालुक्यातलं कोयना धरण याच कंपनीने बांधलं.

१९१९ मध्ये त्यांनी नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींबरोबर सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही जहाज कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून घेतलेली एसएस लॉयल्टी ही बोट ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघाली. आज ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन असतो तो यामुळेच. ब्रिटिश जहाज कंपन्यांनी भाडं पाडून सिंदियाला बुडवायचा प्रयत्न केला, पण वालचंद मागे हटले नाहीत.

इथून त्यांचा हिशोब पक्का झाला. जहाज, मोटार आणि विमान, या तिन्ही गोष्टी देशात तयार झाल्याशिवाय देश स्वतःच्या पायावर उभा राहणार नाही.

विमानात जुळलेली ओळख

१९३९ साली वालचंद अमेरिकेत होते. गेले होते मोटारीच्या कारखान्यासाठी, तिथल्या कंपन्यांशी बोलणी करायला. परत निघाले ते पॅन अमेरिकनच्या क्लिपर विमानाने, पॅसिफिक महासागरावरून. तिकडे युरोपात दुसरं महायुद्ध पेटलं होतं.

त्याच विमानात विल्यम पॉली नावाचा अमेरिकन उद्योजक होता. हा माणूस चीनमध्ये विमानं जुळवायचा कारखाना चालवत होता. चीनसारखा युद्धात पोळलेला देश जर विमानं जुळवू शकतो, तर भारताने का नाही, हा सवाल वालचंदांच्या डोक्यात बसला. प्रवास संपेपर्यंत दोघांच्या बोलण्यातून योजनेचा आराखडा तयार झाला होता.

अडचण ब्रिटिश सरकारची होती. भारतात विमान बनवायची गरजच काय, असा सुरुवातीचा सूर होता. पण १९४० च्या मध्यात फ्रान्स पडला. इंग्लंडचे स्वतःचे कारखाने जर्मन बॉम्बच्या टप्प्यात आले, तिथून भारताला विमानं मिळायची आशा मावळली आणि सरकारचा सूर बदलला.

जागेचा प्रश्न म्हैसूर संस्थानाने सोडवला. दिवाण सर मिर्झा इस्माइल यांनी योजना उचलून धरली. बंगळुरूजवळ ७०० एकर जमीन मिळाली, संस्थानाने पैसेही घातले. हवामान कोरडं, वीज मुबलक, भद्रावतीचा पोलाद कारखाना फार लांब नाही आणि शहरात विज्ञान संस्था. २३ डिसेंबर १९४० ला हिंदुस्तान एअरक्राफ्ट या नावाने कंपनी नोंदली गेली. आजची एचएएल ती हीच.

कॉलेजच्या पोरांनी बनवलेलं विमान

सरकारने तीन प्रकारच्या विमानांचं काम दिलं. कर्टिस हॉक ही लढाऊ विमानं, व्हल्टी ही बॉम्बफेकी विमानं आणि वैमानिकांना शिकवायला हार्लो नावाचं छोटं, दोन जणांचं विमान.

या हार्लोची गोष्ट भारी आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पासाडेना ज्युनिअर कॉलेजात मॅक्स हार्लो नावाचे शिक्षक होते. त्यांनी वर्गातल्या मुलांना पुस्तकी धडे देण्याऐवजी आख्खं विमानच बनवायला लावलं. सगळं धातूचं. १९३७ मध्ये ते उडालं. चाचण्यांमध्ये ते पहिलं विमान कोसळलं, पण त्यात सुधारणा करून पुढचं मॉडेल आलं आणि त्याच घराण्यातलं पीसी-५ हे विमान भारतासाठी निवडलं गेलं.

म्हणजे बघा, आज जगभर हौशी लोक घरच्या गॅरेजमध्ये छोटी विमानं बनवतात, मोडली तर पुन्हा उभी करतात, त्याच जातकुळीतलं हे विमान. शिकणाऱ्या हातांनी बनवलेलं आणि शिकणाऱ्या हातांसाठी सोयीचं. सुटे भाग अमेरिकेतून पेट्यांत बंगळुरूला आले, ते जुळवले गेले आणि ऑगस्ट १९४१ मध्ये पहिलं हार्लो हवेत गेलं. कंपनी नोंदवून तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते.

पण पत्र्याच्या कामात एवढं काय असतं?

आता तुम्ही म्हणाल, पेटीतून भाग काढायचे आणि जोडायचे, यात काय मोठं? तर इथेच खरी मेख आहे.

आपल्याकडे पत्र्याचे कारागीर कमी नव्हते. सांगली-साताऱ्याच्या गुऱ्हाळांवर रस आटवायची भलीमोठी काहील असते. लोखंडी पत्रे रिव्हेटने एकमेकांना ठोकून अशा काहिली बनवणारे लोक इथे होतेच. तांबट होते, लोहार होते, ट्रंका करणारे होते. ठोकायला त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

पण काहिलीचा पत्रा जाड असतो. एखादा घाव जास्त बसला तरी चालतं. छोट्या विमानाचा पत्रा असतो ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, जाडी बहुतेक ठिकाणी एक मिलिमीटरच्या आत. आणि हा पत्रा नुसतं आवरण नसतो. पंखावर येणारा भार तो स्वतः उचलतो. आतल्या फासळ्या, लांब पट्ट्या आणि वरचा पत्रा मिळून एकच सांगाडा तयार होतो. म्हणून पत्र्यातली चूक ही सांगाड्यातली चूक ठरते.

मग काम कसं चालतं?

पहिली गोष्ट, आखणी. पत्र्यावर सुईने किंवा टोकदार खिळ्याने रेघ मारायची नाही. तो बारीक ओरखडा म्हणजे उद्याच्या भेगेची सुरुवात. शिसपेन्सिलही चालत नाही, कारण तिच्यातल्या ग्रॅफाइटमुळे ॲल्युमिनियम गंजायला लागतं.

दुसरी, घडी. पत्रा काटकोनात कडक दुमडला की घडीवर चिरतो. म्हणून प्रत्येक जाडीला ठराविक गोलाई देऊनच दुमडावा लागतो. फासळ्या लाकडी साच्यावर ठेवून मऊ हातोडीने हळूहळू वळवायच्या. फासळीला मधे मोठी गोल भोकं पाडून त्यांच्या कडा वळवायच्या. वजन कमी होतं आणि वळलेल्या कडेमुळे फासळी ताठ राहते.

तिसरी, भोक. एका छोट्या विमानात रिव्हेटची हजारो भोकं असतात. प्रत्येक भोकाची कड साफ करायची, कीस राहू द्यायचा नाही. भोक कडेच्या फार जवळ गेलं की तो तुकडा बाद.

चौथी, रिव्हेट. हे दोन माणसांचं काम. एक बाहेरून हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीने रिव्हेटच्या डोक्यावर घाव घालतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा धरून शेपटी बसवतो. कारखान्यातल्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून पत्र्यावर टकटक करून खुणा चालतात. ठोकळा जरा तिरका धरला की शेपटी वाकडी बसते. मग ती रिव्हेट ड्रिलने काढायची आणि भोक मोठं न होऊ देता दुसरी घालायची. काही जातीच्या रिव्हेट भट्टीतून काढल्यावर थोड्याच वेळात कडक होतात, म्हणून त्या लागेपर्यंत बर्फासारख्या थंडीत ठेवतात.

मोडलेलं विमान पुन्हा उभं करणं तर याहून अवघड. चेपलेला पत्रा आधी रिव्हेट काढून अलगद सोडवायचा. तोच जुना पत्रा नव्या पत्र्यावर ठेवून भोकांचा नमुना उतरवायचा. आतली फासळी वाकली आहे का, सांगाडा सरळ रेषेत आहे का, ते मोजायचं. बारीक भेग असेल तर तिच्या टोकाला छोटं भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे पळत नाही, आणि मग वरून ठिगळ. ठिगळाचं माप, रिव्हेटची संख्या, त्यांच्यातलं अंतर, सगळं ठरलेलं. अंदाजपंचे काहीच नाही.

हे सगळं पुस्तकातून येत नाही. शिकवणारा शेजारी उभा लागतो, चुकलेला तुकडा फेकून देण्याची मुभा लागते आणि पुन्हा करायला दुसरा पत्रा लागतो. म्हणजेच कारखाना लागतो. वालचंदांनी तो उभा केला. अमेरिकन तंत्रज्ञ आले आणि त्यांच्या हाताखाली भारतीय पोरं विमानाचं काम शिकू लागली.

आणि कारखाना हातचा गेला

१९४१ च्या एप्रिलमध्ये भारत सरकार या कंपनीत भागीदार झालं. डिसेंबरमध्ये जपान युद्धात उतरलं. पर्ल हार्बर, सिंगापूर, रंगून, बातम्या एकाहून एक वाईट होत्या. ब्रह्मदेशातून जपानी फौज भारताच्या दाराशी येऊन ठेपली.

सरकारने ठरवलं की विमानाचा कारखाना खासगी माणसाच्या हातात ठेवायचा नाही. एप्रिल १९४२ मध्ये सरकारने वालचंद आणि त्यांच्या साथीदारांचे शेअर विकत घेतले. म्हैसूर संस्थानाने आपला वाटा ठेवला, पण कारभारात पडायचं नाही या अटीवर. वालचंदांना मोबदला मिळाला, कारखाना मात्र गेला. कंपनी नोंदवल्यापासून पुरते दीड वर्षही झालं नव्हतं. पहिलं हॉक लढाऊ विमान जुलै १९४२ मध्ये उडालं, तेव्हा मालक बदललेला होता.

या व्यवहाराकडे दोन बाजूंनी बघता येतं. शत्रू दारात असताना सरकारला कारखाना थेट ताब्यात हवा होता, हे समजण्यासारखं आहे. पण आधी नको म्हणायचं, मग एखाद्याने धडपडून उभं केलं की ते घ्यायचं, हेही तितकंच खरं. वालचंदांच्या आयुष्यात हे नवं नव्हतं. विशाखापट्टणमला त्यांनी जहाज बांधायचा कारखाना काढला, त्याची कोनशिला २१ जून १९४१ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली. जलउषा हे जहाज १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. पुढे तो कारखानाही सरकारकडे गेला.

मालक गेला, कसब राहिलं

खरी गोष्ट इथून पुढे आहे.

सरकारने कारखाना घेतल्यावर नवीन विमानं बनवायचं काम मागे पडलं. १९४३ मध्ये तो अमेरिकन हवाई दलाच्या देखरेखीखाली गेला आणि विमान दुरुस्तीचं मोठं केंद्र बनला. लढाईत फाटलेली, गोळ्यांनी भोकं पडलेली विमानं बंगळुरूला यायची आणि पुन्हा उडून जायची. पॅसेंजर आणि मालवाहू डाकोटा, पाण्यावर उतरणाऱ्या कॅटालिना, मोठे बॉम्बर. हजारो भारतीय कामगारांनी इथे पत्रा बदलायला, सांगाडा सरळ करायला शिकून घेतलं.

युद्ध संपलं, अमेरिकन गेले. एवढ्या हातांना काम काय द्यायचं? कारखान्याने रेल्वेचे धातूचे डबे आणि बसच्या बॉड्या बनवायला घेतल्या. ऐकायला हे उतरतं काम वाटेल. पण पत्रा, फासळ्या आणि रिव्हेट इथेही होत्या, म्हणून हात गंजले नाहीत.

मग आला १९४८ चा प्रसंग. कानपूरच्या चकेरी तळावर युद्धातली बी-२४ लिबरेटर ही अवजड बॉम्बर विमानं भंगारात पडली होती. पुन्हा कुणी वापरू नयेत म्हणून जाताना त्यांची मोडतोड करून ठेवलेली. भारताकडे तेव्हा मोठं बॉम्बर विमान नव्हतं आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. एचएएलच्या लोकांनी या भंगारातून उडण्याजोगी विमानं निवडली, तिथल्या तिथे डागडुजी केली, वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळुरूला उडवत नेली आणि कारखान्यात ती नीट उभी राहिली. अशी चाळीसच्या आसपास विमानं हवाई दलाला मिळाली. ती १९६८ पर्यंत सेवेत होती.

भंगारातून बॉम्बर उभे करणारे कारागीर एका रात्रीत तयार झाले नव्हते. त्यांच्या शिकण्याची पहिली पायरी १९४१ च्या त्या छोट्या हार्लोच्या पंखावर होती.

पुढची पायरी आणखी मोठी. कोल्हापूर जिल्ह्यातले डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत गॉटिंगनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आले होते आणि एचएएलमध्ये होते. त्यांनी एचटी-२ हे दोन जणांचं, पूर्ण धातूचं शिकाऊ विमान रेखाटलं. ऑगस्ट १९५१ मध्ये ते उडालं, चालवणारे पुन्हा मुन्शीच. १९४१ मध्ये अमेरिकेतून आलेले भाग जोडणारा कारखाना दहा वर्षांत स्वतःच्या कागदावरचं विमान उडवत होता.

सातारा रोड ते विश्रामबाग

वालचंदांनी त्या दहा वर्षांत हातावर हात ठेवले नाहीत. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स निघाली आणि मोटारीचं जुनं स्वप्न मार्गी लागलं. पुणे जिल्ह्यात वालचंदनगर, नाशिक जिल्ह्यात रावळगाव या माळरानांवर ऊस आणि साखर उभी राहिली.

सातारा जिल्ह्यात पुणे-मिरज रेल्वेवर सातारा रोड स्टेशन आहे. तिथे सर धनजीशा कूपर यांचा कारखाना होता. हे कूपर १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे काही महिने पंतप्रधान होते. लोखंडी नांगर, उसाचे चरक, डिझेल इंजिनं असा माल या कारखान्यातून शेतकऱ्याच्या दारात जायचा. तो पुढे वालचंद समूहात आला. ओतकाम, कातकाम शिकलेली माणसं या भागात आधीपासून होती, हे वालचंदांना बरोबर दिसलं होतं.

१९४९ मध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. १९५० मध्ये ते कामातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई अखेरपर्यंत सेवेला होत्या. एचटी-२ उडालं तेव्हा वालचंद हयात होते, पण अंथरुणाला खिळलेले. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमध्ये सिद्धपूरला त्यांचं निधन झालं.

सांगलीत १९४७ मध्ये धोंडूमामा साठे यांनी न्यू इंजिनिअरिंग कॉलेज सुरू केलं होतं. कॉलेज वाढवायला पैसा हवा होता. वालचंदांच्या नावच्या ट्रस्टने मदतीचा हात दिला आणि १९५५ मध्ये कॉलेजला वालचंदांचं नाव लागलं.

शिक्षण अर्धवट सोडलेल्या माणसाचं नाव इंजिनिअरिंग कॉलेजला, हे वरवर बघता विचित्र वाटतं. पण वालचंदांच्या विमानाच्या कारखान्याचं झालं काय, ते बघितलं की कोडं सुटतं. शेअर गेले, खुर्ची गेली, पाटीवरचा मालकही बदलला. सरकारला एका चेकने सगळं घेता आलं. फक्त एक गोष्ट मागे उरली. पंखाच्या आतून ठोकळा धरून बसलेल्या पोराच्या हातात जे आलं होतं, ते कुणाच्याच नावावर नव्हतं. तो पोरगा पुढे बसची बॉडी ठोकत राहिला, मग लिबरेटर, मग एचटी-२, आणि दरवेळी शेजारी बसलेल्या नव्या पोराला शिकवत गेला.

१९६४ मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्टची हिंदुस्तान एरोनॉटिक्स झाली. आज तिथे तेजस बनतं. त्यात ॲल्युमिनियमच्या पत्र्याची जागा बऱ्याच ठिकाणी कार्बनच्या तंतूंनी घेतली आहे. सामान बदललं. पण नवं काम शिकायला अजूनही तेच लागतं, शेजारी उभा राहणारा जाणता माणूस आणि चुकल्यावर पुन्हा करायला मिळणारा दुसरा तुकडा.